हाकेची धोंड

बसा. पण त्या धोंडीवर नको, इकडे आंब्याखाली बसा, सावली आहे. धोंडीवर आमच्याकडे कुणी बसत नाही, कपडे वाळत घालत नाही. मागे एक पाहुणे बूट घालून फोटोसाठी वर चढले होते. आमच्या बायकांनी त्यांना असं काही धारेवर धरलं, की फोटो राहिला बाजूला आणि गृहस्थ हात जोडत खाली उतरले.

हा समोरचा ओढा, आमच्या बोलीत व्हाळ. उन्हाळ्यात घोटाभर पाणी, पावसात मात्र जवळ जायची सोय नाही. अलीकडे आमचं निवेखोल, पलीकडे दुसऱ्या गावाची हद्द, आणि मधोमध ही काळी धोंड, बसलेल्या म्हशीएवढी. शेंदूर नाही, फूल नाही, घंटा नाही. देव नव्हेच ती. तरी गावातला माणूस गावपळणीच्या दिवशी तिच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

गावपळण ऐकून असाल. काही वर्षं लोटली की गावदेवीला कौल लावतात. कौल झाला की सगळं गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातं, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, सगळ्यांसकट. तीन दिवस गाव देवीचं. चुलीतला विस्तव विझवायचा, पाण्याची भांडी रिकामी करून उपडी घालायची आणि निघायचं. ही रीत आमच्या बाजूच्या आणखीही गावांत आहे, त्यात आमची फुशारकी नाही. आमचं वेगळं ते एवढंच, की निवेखोलचा माणूस वेस ओलांडण्याआधी या धोंडीपाशी थांबतो आणि हाक मारतो. स्वतःच्या पोराला नाही, बायकोला नाही. शेजाऱ्याला. शेजाऱ्याची 'ओ' आली तरच पाऊल पुढे. मुंबईहून आलेल्या एका शहाण्याने मोबाइलवर रिंग देऊन भागवायला पाहिलं होतं. त्याला पुन्हा मागे धाडला आणि सगळ्यांदेखत घसा ताणून हाक मारायला लावली.

ही रीत एका बाईमुळे पडली असं सांगतात. खरं म्हणाल तर दोन बायकांमुळे.

फार मागची गोष्ट. राणीचं राज्य नुकतं सुरू झालं होतं म्हणे, आणि काड्यापेटी आमच्या गावात अजून कुणी पाहिली नव्हती. सकाळी चूल पेटवायची तर शेजारणीकडून विस्तव आणायचा. ज्या घरची चूल आधी पेटली, तिथून निखारा नारळाच्या करवंटीत घालून पुढच्या घरी, तिथून त्याच्या पुढच्या. अशी अख्खी वाडी एका निखाऱ्यावर पेटायची.

व्हाळाच्या वरच्या अंगाला, त्या बांबूच्या बेटामागे, तेव्हा एक लांबलचक घर होतं. मूळचं एकच, पण दोन भावांनी मधे भिंत घालून वाटून घेतलेलं. पुढे त्या भावांचे नातू तिथे नांदत होते. एका वाट्यात धाकू आणि त्याची बायको आवडू, तिची सासू पुढे वारली. दुसऱ्या वाट्यात द्वारकी आणि तिची सासू. द्वारकीचा नवरा गलबतावर खलाशी, आठ महिने पाण्यावर. वाटणीत मागचं दार धाकूकडे गेलं होतं, त्यामुळे द्वारकीच्या वाट्याला एकच दार, पुढचं. मधल्या भिंतीला मात्र हात जाईल एवढी खिडकी ठेवली होती, विस्तव द्यायघ्यायला.

त्या खिडकीतून नुसता विस्तव जात नसे. वाटीभर सोलकढी जाई, मीठ जाई, कुळथाची पिठी जाई आणि सासवांच्या कागाळ्या तर दिवसभर. द्वारकी नवी नवरी म्हणून आली तेव्हा ती खिडकीपाशी रडत बसायची आणि पलीकडून आवडू तिला गप्पा सांगून हसवायची. आवडू वयाने मोठी. तिला मूल नव्हतं. नवस झाले, औषधं झाली, शेवटी तिने तो विषय मनातून काढून टाकला होता, निदान काढलाय असं ती सांगायची. वाडीतली माणसं म्हणत, या दोघींची बहिणी-बहिणींत नसेल अशी माया आहे.

आणि ती माया कशावरून विटावी? कोंबडीवरून!

द्वारकीची एक कोंबडी होती, बोडक्या मानेची. ती आपली अंडी घालायला आवडूच्या परड्यातल्या गवताच्या कुडीत, म्हणजे गंजीत, शिरायची. आवडूला वाटलं अंडी आपल्याच कोंबडीची. तिने आपली खुडूक कोंबडी त्यांच्यावर बसवली. पिल्लं निघाली, थोडी मोठी झाली, आणि बघते तर काय, सगळ्यांच्या माना बोडक्या! वाडी हसली. द्वारकीही हसतच पिल्लं मागायला आली. आवडू म्हणाली, अर्धी ने, राखण तर माझ्या कोंबडीने केली. द्वारकी म्हणाली, अर्धी का म्हणून, सगळी माझी. शब्दाला शब्द लागला. दोघींना थांबवायला तिथे कुणी नव्हतं. आणि द्वारकीच्या तोंडून निघून गेलं,

"दुसऱ्याच्या अंड्यांवर कोंबडी बसयलंस म्हणान तुझ्या घरात पिल्लां दिसली. एरवी तुझ्या घरात कधी काय जल्माक इला?"

बोलल्याबरोबर तिने जीभ चावली म्हणे. पण आवडूने ते पाहिलं नाही. ती आत गेली, पिल्लांची डालगी उचलून आणली, द्वारकीच्या पायांपाशी ठेवली आणि त्याच संध्याकाळी ती हाताएवढी खिडकी आपल्या बाजूने दगडमातीने लिंपून टाकली. वरून शेणाचा हात फिरवला. भिंत कशी सरळ दिसू लागली.

त्या दिवसापासून अबोला. आवडू विस्तवासाठी वाडीच्या टोकाच्या घरी जाऊ लागली, येताना निखारा अर्धा विझायचा. अंगणात समोरासमोर आल्या तर एक वर बघायची, दुसरी खाली. वर्ष उलटलं. बोलावंसं दोघींनाही वाटत होतं, पण पहिला शब्द कुणी काढायचा? जी आधी बोलेल ती हरली, असं दोघींनी आपापल्या मनाशी धरून ठेवलं होतं.

मग नवरा येऊन गेला आणि द्वारकीला दिवस राहिले. आवडूला हे कुणी सांगावं लागलं नाही. सकाळी भिंतीपलीकडून ओकारीचा आवाज आला, तेव्हाच तिला कळलं. हातातलं पीठ तसंच ठेवून ती भिंतीला कान लावून उभी राहिली. तिला आनंद झाला, आणि लगेच असा मत्सर वाटला की स्वतःचीच लाज वाटली. लिंपलेल्या खिडकीवर तिने हात ठेवला. फोडावी का? पण मनात म्हणाली, तिने बोलायचं ते बोलून बसायचं आणि खिडकी मी फोडायची? मुळीच नाही. हात खाली आला.

त्याच वर्षी चैत्रात गावपळणीचा कौल झाला.

तेव्हाची रीत थोडी वेगळी होती. आपलं दार आपण लावायचं नाही, शेजाऱ्याने लावायचं. आपल्या हाताने दार लावलं की जीव घरात अडकतो, अशी समजूत. दाराला आंब्याचा टाळा, म्हणजे पानांची डहाळी, बांधलेला असे. शेजारीण यायची, बाहेरून कडी घालायची, कोयंड्यात लाकडाची खिटी ठोकायची आणि टाळ्याचं एक पान तोडून घ्यायची. वेशीवर ते पान घरवालीच्या हातात द्यायचं, की बाई, तुझं दार लावलं बरं का. भांडण असो, अबोला असो, ही रीत कुणी मोडत नसे. देवीचं काम.

द्वारकीची सासू आदल्याच दिवशी बैलगाडीतून माहेरच्या गावी गेली. सुनेला म्हणाली, तू वाडीबरोबर ये, तुझ्याने गाडीचे हिसके सोसायचे नाहीत. वाडीतल्या माणसांना वाटलं, पोटुशी सून आहे, सासूने गाडीत घातली असणार. दोन्हीकडून असं झालं, म्हणून तिची चौकशी कुणीच केली नाही.

निघायच्या सकाळी ऊन असं होतं की अंगणातली माती पायाला चटके देत होती. देवळाकडे माणसं जमू लागली. धाकू गुरं घेऊन पुढे गेला. आवडू आपलं गाठोडं घेऊन बाहेर पडली आणि द्वारकीच्या दाराशी आली. दार नुसतं ओढलेलं होतं. आवडूने कडीला हात घातला, आणि आतून आवाज आला.

बारीकसा आवाज. काकण भिंतीला लागावं तसा. कुणी कूस बदलल्यासारखा.

आवडू थांबली. हात कडीवर तसाच. 'कोण आसा गो आत?' एवढंच विचारायचं होतं. शब्द जिभेवर आला होता. पण तो शब्द म्हणजे पहिला शब्द. वर्षभर धरून ठेवलेला. तिने मनाला समजावलं, मांजर असेल. द्वारकी तर गाडीतून गेली, सगळे म्हणतायत. आणि असलीच आत, तर बोलेल की आपणहून, तिला तोंड नाही का? आवडूने क्षणभर वाट पाहिली. आतून काही आलं नाही. तिने कडी घातली, तोच देवळाकडे ढोल दणाणू लागले. तिने खिटी ठोकली, पान तोडलं आणि मागे न बघता चालू लागली. गावपळणीत मागे बघायचं नसतंच. त्या दिवशी तो नियम तिला बरा वाटला.

व्हाळापलीकडे वाडीच्या खोपी, म्हणजे गवताच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. दगडांच्या चुली मांडल्या, पोरं पाण्यात डुंबू लागली, बायका मोकळ्या झाल्या. गावपळण म्हणजे जत्राच असते एरवी. आवडू मात्र ते पान हातात घेऊन खोपीखोपीतून फिरत होती. पान ज्याचं त्याला दिलं म्हणजे आपण सुटलो. हिच्या खोपीत बघ, तिच्या खोपीत बघ. द्वारकी कुठेच नाही. मग तिला दुसरी गोष्ट जाणवली. तिच्या स्वतःच्या दाराचं पान तिला कुणी आणून दिलं नव्हतं. तिचं दार लावायचं काम द्वारकीचं. द्वारकी कितीही रागावली तरी देवीचं काम चुकवणारी नव्हती, गाडीतून गेली असती तर ते दुसरीला सांगून गेली असती. पान आलं नाही, म्हणजे दार लावलं गेलं नाही. म्हणजे द्वारकी बाहेर पडलीच नाही.

दुपार कलली आणि गावाकडून आवाज येऊ लागला. धप्प. धप्प. मग थांबून पुन्हा. मधेच वाऱ्याबरोबर बाईच्या ओरडण्यासारखं काहीतरी.

सगळी वाडी गारठली. गाव रिकामं असताना गावातून जो आवाज येतो तो देवीच्या गणांचा, तो ऐकायचा नाही, त्याला ओ द्यायची नाही, असं लहानपणापासून सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. बायकांनी पोरांचे कान झाकले. आपा गावकर, गावाचे मुख्य मानकरी, उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "देवी फिरता हा. कोणी आयकू नकात. ढोल वाजवा रे!"

आणि ढोल वाजू लागले. पहिला ढोल धाकूच्या गळ्यात होता. तिकडून धप्प झालं की इकडे ढोलाचा दणका. भक्तीने वाजवत होते बिचारे, जीव तोडून. दार ठोकणाऱ्या बाईचा आवाज गावानेच असा बुडवून टाकला, आणि हात जोडून बुडवला.

एकट्या आवडूला ठाऊक होतं. ती त्या गर्दीत उभी होती. सांगायचं तर काय सांगायचं? मी आवाज ऐकला होता, तरी कडी घातली, असं? आणि सांगून उपयोग काय? पळणीच्या तीन दिवसांत वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही. कुणे एके काळी कुणी चुकलेली गाय आणायला आत गेला, तर त्या वर्षी गावात देवीची साथ आली आणि घरंच्या घरं रिकामी झाली, ही कथा प्रत्येक पोराला पाठ होती. गेलं तर सगळ्या गावावर संकट, न गेलं तर द्वारकी. मागे दार लावलेलं, पुढे वेस. दोघींपैकी एकीलाही वाट राहिली नव्हती, ना आतल्या बाईला ना बाहेरच्या.

ती रात्र आवडूने कशी काढली ते तिचं तिला माहीत. घरात पाण्याचा थेंब नाही, हे तिला सारखं आठवत होतं, कारण द्वारकीच्या अंगणात उपडी घातलेली घागर तिने स्वतः पाहिली होती. सकाळी तिला पाणी दिलं तर तिने तांब्या तोंडाला लावून तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी आवाज कमी झाला. आदल्या दिवशी जोराने येत होता, आता मधूनच, हलका. लोक म्हणाले, देवी शांत झाली. आवडूला त्याचा अर्थ कळला. उन्हं वर आली तेव्हा पुन्हा एकदा धप्प झालं आणि धाकूने सवयीने ढोलावर काठी उचलली. आवडू पुढे आली आणि तिने ढोलाच्या कातड्यावर आपला पंजा ठेवला.

"वाजवू नको," ती म्हणाली. "ती देवी न्हय. ती द्वारकी आसा. मी तिका आत घालून कडी लायलंय."

धाकू म्हणाला, "गप रव. डोक्या फिरला काय तुझा?"

"माका आवाज इल्लो. मी बोलाक नाय. माझ्या तोंडाक काय झाला होता, देवीक म्हायत."

एकच गलका उडाला. कुणी म्हणालं बाई भ्याली आहे, कुणी म्हणालं हिच्या अंगात आलंय. आपा गावकरांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं. माणूस कठोर नव्हता, पण गाव त्याच्या खांद्यावर होतं. त्याने विचारलं, "आवाज देवीचो की बाईचो, तां सांगतलो कोण?"

"मी सांगतंय. तिचा खोकणासुद्धा माका भिंतीपलीकडसून कळता."

"मगे काय करूचा? तू आत गेलंस तर अख्ख्या गावाचा काय होतला? आवडू, माका सांग. मी काय करू?" म्हातारा खरोखरच विचारत होता. 

आवडूने पदर खोचला. ती नुसती व्हाळात उतरली. मागून ओरडा झाला, धाकू धावला. पण ती पलीकडे गेली नाही. मधल्या या धोंडीवर चढली आणि वेशीकडे तोंड करून उभी राहिली. पाय हद्दीवर, हद्दीच्या आत नाही. बोटभर पुढे असते तर तिला ओढून आणलं असतं. तिथे तिला कुणी हात लावू शकेना.

हाक मारायला तिने तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. वर्षभर ज्या नावाला तिने घरात थारा दिला नव्हता, ते नाव आता घशातून वर येईना. मग एकदाचं आलं.

"द्वारके! गो द्वारके!"

काही नाही. बांबूच्या बेटात वारा तेवढा सळसळला.

"द्वारके! मी आवडू! मी आधी बोलतंय गो! आयकलंस? मी आधी बोललंय!"

लोक सांगतात, हे ऐकून काठावरच्या बायका रडू लागल्या. ढोल केव्हाच थांबले होते. आवडू हाका मारत राहिली, ऊन डोक्यावर आलं, आवाज फाटला, तरी मारत राहिली. आणि मग तिकडून अगदी बारीक, विहिरीच्या तळातून यावी तशी, 'ओ' आली.

आवडूने डोळे पुसले आणि ओरडून सांगायला सुरुवात केली. एकेक शब्द सुटा करून, कारण वारा आडवा होता. मधल्या भिंतीत खिडकी होती ना, ती बघ. खिडकीच्या खाली चिरा नाही. वाटणीच्या आधी तिथे आरपार दार होतं, ते नुसत्या मातीगोट्यांनी बुजवलंय. सारवताना मी पाहिलंय, माझ्या सासूने मला सांगितलंय. मुसळ घे आणि खिडकीच्या खालून फोड. फोडून माझ्या घरात ये. माझं दार उघडं आहे.

माझं दार उघडं आहे, हे सांगताना ती थबकली म्हणे. का उघडं आहे, ते तिच्या पुन्हा एकदा ध्यानात आलं. लावणारीच आत अडकली, म्हणून ते उघडं राहिलं.

मग मुसळाचे घाव ऐकू येऊ लागले. एक घाव, मग कितीतरी वेळ काही नाही, मग दुसरा. आता तो आवाज ऐकून कुणी कान झाकले नाहीत. सगळी वाडी व्हाळाच्या काठाशी उभी होती आणि प्रत्येक घावाला बायका 'घाल गो बाय, घाल' म्हणत होत्या. आपा गावकरांनी डोळे मिटून देवीला हात जोडले होते. आवडू मधे मधे हाक मारी आणि 'ओ' येईपर्यंत श्वास धरून ठेवी. एकदा 'ओ' आलीच नाही. घावही थांबले. आवडू धोंडीवर गुडघे टेकून बसली. आता संपलं, असं तिला वाटलं, आणि दोघांचा जीव आपण घेतला, हे ती मोठ्याने म्हणाली. सगळ्यांनी ते ऐकलं.

तेवढ्यात बांबूच्या बेटाआडून द्वारकी आली.

केसांत माती, हातांची सालटी गेलेली, ओठ काळे पडलेले. एक हात पोटाखाली धरून, दुसरी मूठ मिटलेली, अशी ती पाऊल पाऊल टाकत व्हाळाच्या काठाशी आली आणि उभी राहिली. समोरच्या काठावरची माणसं मागे सरली. देवीच्या दिवसांत गावात राहिलेली बाई, तिला शिवायचं की नाही, कुणालाच कळेना. आवडूने हात पुढे केला. द्वारकी पाण्यात उतरली, ओंजळभर पाणी प्याली, आणि तो हात धरून धोंडीवर चढली.

आवडूने कनवटीचं पान काढलं. सुकून चुरगळलं होतं. "तुझ्या दाराचा पान," ती म्हणाली. "माका आवाज इल्लो गो. माका ठावक होता आत कोण आसा, तरी मी कडी घातलंय."

द्वारकी म्हणाली, "माका चक्कर इली म्हणान पडलंय होतंय. तू इलंस तां माका कळला. तुझी पावलां मी वळखतंय. म्हटलां, हाक मारीत तर ओ देयन. आधी तिका बोलू दे." एवढं बोलून तिला धाप लागली. "कडी पडली तेव्हा मी बोंब मारलंय. पण तेव्हा ढोल वाजाक लागले होते."

दाराच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, दोघी गप्प राहिल्या होत्या. एकीने विचारलं असतं किंवा दुसरीने खाकरलं असतं तरी पुरलं असतं. हे ऐकून आवडू रडायला लागली आणि द्वारकी तिच्या खांद्यावर पडली.

मग द्वारकीने आपली मूठ उघडली. आत आंब्याचं पान होतं, ताजं तोडलेलं.

"तुझा दार लायलंय," ती म्हणाली.

भिंत फोडून बाहेर पडल्यावर, जीव जायची वेळ आलेली असताना, त्या पोटुशा बाईने आवडूचं दार ओढलं, कडी घातली, खिटी ठोकली, आणि पान तोडून आणलं. का, तर ते तिचं काम राहिलं होतं.

पळण संपल्यावर देवीला कौल लावताना सगळं गाव धास्तावलेलं होतं. आपा गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, झालं ते सगळं देवीला सांगितलं, आणि चूक गावाची म्हणून पदरात घेतली. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आधीच उजवी कळी सुटली, म्हणजे देवीचा होकार आला, असं सांगतात. साथ आली नाही. पावसाळ्यात द्वारकीला मुलगी झाली आणि तिचा पहिला टाहो आवडूने भिंतीला पडलेल्या त्या भगदाडातून ऐकला, कारण ते पुन्हा कुणी बुजवलंच नाही. त्याला चौकट बसवली. पोर दोन्ही घरांत रांगत वाढली आणि बोडक्या मानेच्या कोंबड्यांचं कोणती कुणाची ते कुणी विचारलं नाही.

दार लावायची जुनी रीत तेव्हाच बंद झाली. पळणीत निवेखोलात एकाही दाराला कडी पडत नाही, नुसतं आंब्याचं डहाळं आडवं ठेवतात. आणि हाकेची रीत सुरू झाली. ती घालून दिली या दोघींनीच. आधी कोण, हा प्रश्नच ठेवला नाही त्यांनी. दोन्ही घरच्यांनी धोंडीवर एकेक पाय ठेवायचा, हाक एकदम मारायची, आणि ओ एकदम द्यायची.

आजही गावपळणीला तुम्ही आलात तर बघाल. आमच्या वाडीत दोघे सख्खे भाऊ आहेत, घराला घर लागून, मधल्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, कोर्टात गेलेले. एकमेकांच्या लग्नकार्यात जेवले नाहीत. मागच्या पळणीला दोघे धोंडीवर पाय ठेवून उभे राहिले, माना दोन दिशांना. मागे अख्खं गाव खोळंबलेलं, गुरं हंबरतायत, पोरं रडतायत, ऊन चढतंय. कुणी त्यांना घाई केली नाही, कुणी समजूत घातली नाही. आमच्याकडे घालत नाहीत. ते दोघे बोलेपर्यंत गावाने थांबायचं. पार सूर्य माथ्यावर आला. आणि मग एकाने धाकट्याचं घरातलं लाडाचं नाव घेतलं आणि दुसऱ्याने थोरल्याला 'दादा' म्हटलं, आणि नाव आधी कुणाचं निघालं ते शेजारी उभ्या असलेल्यालाही सांगता आलं नाही.